मागेल तेवढेच, मागेल तेव्हाच
(मोटार कारखान्याची शिस्त आणि आपली ऊसतोड)

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



अगदी बारीक स्क्रू-नटापर्यंत मोजले, तर एका मोटारगाडीत सुमारे ३०,००० सुटे भाग असतात. हे भाग निरनिराळ्या गावी, निरनिराळ्या कारखान्यांत तयार होतात. तरीसुद्धा शिस्तीच्या मोटार कारखान्यात यांतले कित्येक भाग जोडणीच्या जागी लागायच्या काही तास आधीच येऊन पोचतात. फार आधी नाही, फार उशिराही नाही.

आपल्या साखर कारखान्याला मुख्य कच्चा माल एकच, आणि तो म्हणजे ऊस. तो येतो आपल्याच शिवारांतून, आपल्याच सभासदांच्या बांधावरून. असे असूनही भर हंगामात कधी यार्डातली गाड्यांची रांग रस्त्यावर जाते, तर कधी पहाटे गव्हाण रिकामी पडून 'नो केन' होते. तीस हजार वस्तू वेळेवर येऊ शकतात आणि एक ऊस येऊ शकत नाही, असे का व्हावे? या लेखात त्याचाच विचार करू.

विषय आपल्या दारातला आहे

मोटारीच्या कारखान्याची गोष्ट उसाच्या शेतकऱ्याला कशाला, असे कोणी म्हणेल. पण छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, आता वाहनांच्या धंद्याचे मोठे ठाणे झाले आहे. १९८५ साली गंगापूर तालुक्यातल्या वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आसऱ्याने सुटे भाग करणारे कितीतरी कारखाने उभे राहिले. २००१ साली शेंद्र्याला स्कोडाच्या मोटारी जोडायला सुरुवात झाली. ३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा किर्लोस्कर मोटर आणि महाराष्ट्र शासन यांच्यात सुमारे २०,००० कोटी रुपयांच्या नव्या कारखान्यासाठी सामंजस्य करार झाला. त्याची जागा आपल्या पैठण तालुक्यातल्या बिडकीनची.

आपल्या गावागावांतली पोरं वाळूज-शेंद्र्याला कामाला जातात. सुट्टीला घरी आली की 'कायझेन', 'फाइव्ह एस', 'कानबान' असे शब्द बोलतात. बापाला वाटते, कंपनीचे काहीतरी खूळ असेल. ते खूळ नव्हे. या शब्दांमागे साधा संसारी हिशेब आहे, आणि तो ज्या कंपनीत जन्मला तीच टोयोटा आता बिडकीनला येऊ घातली आहे.

मागापासून मोटारीपर्यंत

टोयोटाचे मूळ मोटारीत नाही, कापडाच्या मागात आहे. साकिची टोयोडा नावाच्या जपानी कारागिराने १९२४ साली एक स्वयंचलित माग पूर्ण केला. त्याचा गुण असा की सूत तुटले की माग आपोआप थांबे. त्यामुळे तुटक्या सुताचे वारभर कापड विणून वाया जात नसे आणि एकच माणूस अनेक माग सांभाळी. 'चूक झाली की तिथेच थांबा, ती पुढे जाऊ देऊ नका' हे टोयोटाचे पहिले सूत्र या मागातून आले.

साकिचीचा मुलगा किइचिरो याने १९३७ साली टोयोटा मोटार कंपनी काढली. दुसऱ्या महायुद्धानंतर कंपनी मोठ्या अडचणीत आली. जपानमध्ये मंदी होती, गाड्यांना उठाव नव्हता, पगार थकले. १९५० साली संप झाला, कामगार कमी करावे लागले आणि खुद्द किइचिरोला अध्यक्षपद सोडावे लागले. योगायोग असा की, ती कंपनी बुडता बुडता वाचत होती त्याच १९५०-५१ च्या हंगामात लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून राज्यातला पहिला सहकारी साखर कारखाना गाळपाला उभा राहत होता.

त्या संकटातून टोयोटाने धडा घेतला : जे खपत नाही ते बनवून ठेवणे म्हणजे श्रीमंती नव्हे, तो पैसा अडकवून घेणे आहे. अमेरिकेतले कारखाने एकाच प्रकारच्या गाड्या लाखांनी काढीत आणि सुट्या भागांचे डोंगर रचून ठेवीत. जपान्यांना ते परवडणारे नव्हते. पैसा थोडा, जागा थोडी, गिऱ्हाईकही थोडे. तेव्हा थोडक्यात भागवायची रीत शोधणे भाग पडले.

ती रीत बसवणारा मुख्य माणूस ताइइची ओनो. हा गृहस्थ टोयोडांच्या कापड गिरणीतून १९४३ साली मोटारीकडे आला होता. अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांच्या व्यवस्थेवरून त्याने एक गोष्ट हेरली. फळीवरून गिऱ्हाईक जेवढा माल उचलते, तेवढाच दुकानदार पुन्हा भरतो. मग कारखान्यात असे का करू नये? पुढच्या कामगाराने मागच्याकडून लागेल तेवढे मागून घ्यावे, आणि मागच्याने मागणी आल्याशिवाय काही बनवूच नये.

पुढे अमेरिकेत या पद्धतीचा अभ्यास झाला आणि १९८८ साली तिला 'लीन' हे नाव पडले. आपल्याकडे लीन म्हणजे नम्र. इथे अर्थ निराळा : सडपातळ, अंगावर फाजील चरबी नसलेली.

कानबान म्हणजे आपली तोडणी चिठ्ठीच

ही मागणी पोचवायला ओनोने वापरले एक साधे कार्ड. जपानी भाषेत त्याला 'कानबान' म्हणतात, म्हणजे पाटी. भागांच्या पेटीबरोबर कार्ड असते. भाग वापरायला घेतले की कार्ड मागे जाते, आणि ते कार्ड हाच मागच्याला हुकूम की आता एवढे नग बनव. कार्ड नाही तर काम नाही.

आता सांगा, यात आपल्याला नवे काय आहे? लागणीची नोंद आपल्याकडे होते. शेतकी विभाग लागणीची तारीख, जात, आडसाली-पूर्वहंगामी-सुरू-खोडवा पाहून तोडणी कार्यक्रम लावतो. चिटबॉय फडावर जातो, चिठ्ठी देतो, त्या चिठ्ठीवर ऊस येतो. ही चिठ्ठी म्हणजे आपले कानबानच आहे. गड्या, जपान्याकडे कार्ड आहे आणि आपल्याकडे चिठ्ठी नाही, असे नाही. फरक एवढाच, की तिथे कार्डाशिवाय एक बोल्टही हलत नाही. आपल्याकडे मात्र चिठ्ठी दोन गाड्यांची आणि तोड चार गाड्यांची, चिठ्ठी एकाची आणि तोड दुसऱ्याची, असे चालते. सगळे दुखणे इथेच आहे.

ठिबकवाल्या सभासदांना हे लवकर उमजेल. पाटाने पाणी सोडले की ते आपण ढकलतो, पिकाला हवे असो की नसो. ठिबकमध्ये मुळाला लागते तेवढे, लागते तेव्हा मिळते. पाणी कमी लागते आणि पीक मात्र चांगले येते. मोटार कारखान्याने मालाला ठिबक बसवले, असे समजा.

यार्ड भरले म्हणजे गाळप वाढले, हा भ्रम

आता हिशेबाला बसू. समजा कारखाना ताशी १०० टन ऊस गाळतो आणि यार्डात २,००० टन ऊस उभा आहे. शेवटच्या गाडीचा नंबर किती वेळाने लागेल? दोन हजार भागिले शंभर, म्हणजे २० तासांनी. यार्डात ८०० टन असेल तर ८ तासांनी. गाड्या जास्त लावल्या म्हणून गव्हाण जास्त ओढत नाही. गिरणी तेवढीच दळते. वाढते ती फक्त ताटकळ.

त्या २० तासांत फडातला वेळ मिळवा. सकाळी तोडलेला ऊस दुपारी मोळ्या बांधून संध्याकाळी गाडीत चढतो. म्हणजे गव्हाणीत पडेपर्यंत तो तीस तासांचा होतो. ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जावा, असे आपण सगळेच म्हणतो, आणि आपणच यार्ड भरून ते अशक्य करून ठेवतो.

बोल्ट चार दिवस पडून राहिला तरी बोल्टच राहतो. उसाचे तसे नाही. तोडल्या क्षणापासून तो सुकू लागतो. वजन काट्यावर होते, फडात नव्हे. तेव्हा वाटेत आणि रांगेत सुकलेले वजन सरळ सभासदाच्या खिशातून जाते. दुसरे म्हणजे, तोडलेल्या उसात साखरेचे विघटन सुरू होते. अशी विघटित साखर दाणा धरत नाही, ती मळीत जाते. त्यात जंतूंची वाढ झाली की रस चिकट होतो आणि साखर पकडणे आणखी अवघड होते. मार्च-एप्रिलच्या उन्हात हे सारे झपाट्याने घडते. जळालेल्या उसात तर त्याहून लवकर.

याची किंमत किती? २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. उतारा ०.१ टक्क्याने वाढला की टनामागे ३४ रुपये ६० पैसे वाढतात आणि घटला की तेवढेच घटतात, घट ९.५ टक्क्यांपर्यंत धरली जाते. शंभरात ०.१ म्हणजे टनाला एक किलो साखर. समजा एखाद्या कारखान्याने हंगामात ५ लाख टन ऊस गाळला. शिळ्या उसाने उतारा फक्त ०.१ टक्का खाली ओढला, तर ५०० टन साखर गेली आणि ऊस उत्पादकांच्या दरातून १ कोटी ७३ लाख रुपये गेले.

आणि नीट लक्षात घ्या, हे पैसे ज्याचा ऊस शिळा झाला त्याच्याच बिलातून जात नाहीत. उतारा सगळ्यांचा मिळून एकच निघतो. चिठ्ठी मोडून एकाने चार गाड्या तोडल्या, त्याची वर्गणी हजारो सभासद भरतात.

नासाडीचे सात दरवाजे

ओनोने कारखान्यातली नासाडी सात प्रकारांत मांडली. तिला जपानी शब्द 'मुदा'. आपल्या फडावर हे सातही दरवाजे कसे उघडे असतात ते बघा.

१. गरजेपेक्षा जास्त उत्पादन : चिठ्ठीपेक्षा जास्त तोड. बाकीच्या नासाड्यांची ही आई, असे ओनो मानी.

२. थांबणे : यार्डात गाडी उभी, फडात टोळी बसून.

३. फुकटची वाहतूक : सकाळी टोळी एका शिवारात, दुपारी वशिल्याने दुसऱ्या टोकाच्या शिवारात.

४. फुकटची मेहनत : मोळ्या बांधावर उतरवायच्या आणि तिथून पुन्हा गाडीत भरायच्या.

५. साठा : फडात रात्रभर पडलेला तोडलेला ऊस.

६. फुकटची हालचाल : गाडीवाट नीट केलेली नाही, म्हणून डोक्यावर मोळी घेऊन शंभर-दोनशे पावले चालणे.

७. सदोष माल : पाचट, वाढे आणि माती लागलेला ऊस, कोवळा ऊस, आणि जमिनीवर वीतभर सोडलेले बुडखे. बुडख्यात सर्वांत गोड कांडी राहते आणि खोडवाही बिघडतो.

यातल्या थांबण्याबद्दल आणखी थोडे. तोडणी मजूर आणि गाडीवान यांना पैसे टनावर मिळतात, तासावर नाही. बैल जुंपलेली गाडी पंधरा तास रांगेत उभी राहिली तर त्या वेळेचे त्याला कोणी काही देत नाही. त्याची बायको-पोरं कोपीवर वाट पाहत असतात, बैल उपाशी असतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच माणसाने पुन्हा कोयता धरायचा असतो. टोयोटाच्या पद्धतीचे दोन खांब सांगतात : एक रोजची सुधारणा, दुसरा माणसाचा मान. दुसऱ्याचा वेळ फुकट घालवणे हा त्याचा अपमानच आहे, हे आपणही मानायला हवे.

दोर ओढा, आणि पाच वेळा 'का' विचारा

टोयोटाच्या जोडणी रांगेवर एक दोरी असते. काही बिघडले असे दिसले की साधा कामगारही ती ओढतो. दिवा लागतो, मुकादम धावत येतो, आणि वेळेत दुरुस्ती झाली नाही तर सगळी रांग थांबते. चूक लपवली जात नाही. मग प्रश्न विचारला जातो, एकदा नव्हे, पाच वेळा : का?

आपल्याकडे तो असा विचारता येईल. पहाटे गव्हाण रिकामी का? रात्री गाड्या आल्या नाहीत. का? त्या गटातली वाहने संध्याकाळी भरलीच गेली नाहीत. का? टोळी दुपारपर्यंत मोकळी बसली होती. का? ट्रॅक्टर फडात शिरेना. का? आदल्या आठवड्यात त्या उसाला पाणी दिले होते. म्हणजे दोष ना ड्रायव्हरचा, ना मुकादमाचा. तोडणीच्या तारखेची खबर सभासदाला वेळेवर मिळाली नाही, आणि मिळाली असल्यास त्याने पाणी तोडले नाही. पहिल्याच 'का'ला थांबलो असतो तर ड्रायव्हरला शिव्या देऊन मोकळे झालो असतो, आणि पुढच्या आठवड्यात तेच पुन्हा घडले असते. यार्ड भरलेले असले की असे दोष झाकले जातात. यार्ड आटोपशीर असले की ते उघडे पडतात. पाणी ओसरले की नदीतले धोंडे दिसतात, तसेच हे.

आंधळी नक्कल नको

आता कोणी म्हणेल, मग यार्डात ऊस ठेवूच नका. तसे नाही. तोड मुख्यतः दिवसा होते आणि गाळप चोवीस तास चालते. ताशी १०० टनांच्या कारखान्याला रात्रीच्या दहा-बारा तासांसाठी संध्याकाळी हजार-बाराशे टन ऊस हाताशी लागणारच. तो असावा, आणि पहाटेपर्यंत संपत यावा. त्याच्या वर जे आहे ती चरबी.

खुद्द टोयोटालाही साठा फार आवळल्याचा चटका बसला आहे. १ फेब्रुवारी १९९७ रोजी आयसिन या पुरवठादाराच्या कारखान्याला आग लागली. ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह तिथे बनत असे. हाताशी साठा जेमतेम, त्यामुळे टोयोटाचे जपानमधले बहुतेक कारखाने काही दिवस बंद पडले. पण दुसरी बाजूही पाहा : आसपासच्या कित्येक लहानमोठ्या कारखान्यांनी आपली यंत्रे त्या व्हॉल्व्हच्या कामाला लावली आणि आठवड्याभरात गाडे रुळावर आले. पुढे २०११ च्या भूकंपानंतर टोयोटाने इलेक्ट्रॉनिक चिप्सचा काही महिन्यांचा साठा पुरवठादारांकडे ठेवायची व्यवस्था केली. तात्पर्य, साठा किती हे सवयीने ठरवायचे नाही, हिशेबाने ठरवायचे.

शिवाय ऊस हे पीक आहे. अवकाळी पाऊस, पाळीचे पाणी, तुरा येणे, टोळी अर्ध्यातून निघून जाणे, हे मोटारवाल्याला नाही. म्हणून कार्यक्रम लवचीक हवा. पण लवचीक म्हणजे वशिल्याचा नव्हे.

काय करावे

सभासदांनी :

१. लागणीची नोंद खरी आणि वेळेवर द्यावी. मागची तारीख घालून नंबर पुढे येतो, पण कोवळा ऊस गव्हाणीत जातो.

२. चिठ्ठीइतकीच तोड होऊ द्यावी. उरलेला ऊस फडात उभा असला तर तो जिवंत आहे. तोडून पडला तर मरतो आहे.

३. तोडीपूर्वी पाणी वेळेत तोडावे आणि गाडीवाट मोकळी करावी.

४. जमिनीलगत तोड आणि पाचट-वाढे साफ, याकडे स्वतः बांधावर उभे राहून लक्ष द्यावे.

५. लवकर नंबर लागावा म्हणून ऊस पेटवू नये. नंबर मिळतो, पण वजन, उतारा आणि खोडवा तिन्ही जातात.

आणि एका हाताने टाळी वाजत नाही. तेव्हा आम्ही कारखान्याच्या लोकांनी :

१. गाळप मंदावले किंवा बंद पडले की तासाभरात चिटबॉयमार्फत फडावर खबर पोचवून तोड थांबवावी. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे; खबर न पोचण्याला सबब नाही.

२. गटवार वाहनांच्या वेळा वाटून द्याव्यात, म्हणजे सगळ्या गाड्या संध्याकाळी एकदम येणार नाहीत.

३. तोडणी कार्यक्रम गट कार्यालयात फळ्यावर लावावा. नंबर बदलला तर कोणाचा आणि का, तेही लिहावे.

४. तोडीपासून गव्हाणीपर्यंत किती तास लागले ते रोज गटवार मांडावे. जे मोजले जात नाही ते सुधारत नाही.

शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे. माझा ऊस आधी जावा असे ज्याला त्याला वाटणे साहजिक आहे. वर्ष-दीड वर्ष जपलेले पीक आहे, कर्जाचा हप्ता आहे, घरात लग्नकार्य आहे. पण रांग मोडून मिळवलेले चार दिवस शेजाऱ्याच्या उसातून काढलेले असतात, आणि उताऱ्याच्या वाटेने ते फिरून आपल्याच बिलात वजा होतात. मोटार कारखान्यात ही शिस्त मालक पाळायला लावतो. इथे मालक आपणच आहोत, तेव्हा ती आपणच आपल्याला लावून घ्यायची आहे. येत्या हंगामात चिटबॉय बांधावर आला की त्याच्या हातातल्या चिठ्ठीवरचा आकडा आधी वाचा, आणि कोयता त्या आकड्याला थांबवा.